बांधीतली मांगूर

सकाळी सातच्या सुमाराला सुकरामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मासे वर आले.

पोळा कालच झाला होता. गावात रोगराई हाकलणाऱ्या नारबोदच्या मिरवणुकीची तयारी चालली होती आणि शेतशिवारात माणूस नव्हता. सुकराम एकटाच धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत आला होता. आधी त्याला झिंगे दिसले, पाण्याच्या कडेला गोळा झालेले. मग बोटाएवढ्या मासोळ्या, पोट वर करून तरंगणाऱ्या. खेकडे पाणी सोडून धुऱ्यावर चढले होते आणि माणूस जवळ आला तरी पळत नव्हते. सुकरामनं लुंगी खोचली आणि पाण्यात उतरला. धानाच्या बुडाशी एक मांगूर आडवी पडली होती. एरवी मांगूर धरायची म्हणजे चिखलात लोळावं लागतं, वर ती काटा मारते तो दिवसभर ठणकतो. ही दोडक्यासारखी हातात आली.

त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून त्यात मासे भरले. मोठे तेवढे घेतले, बारीक राहू दिले. मग धुऱ्यावर टेकून खिशातली सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि ओल्या हातानंच चिमूट तोंडात टाकली. श्रावण संपल्याबरोबर देवानं घरपोच मासोळी दिली होती. तीही नेमकी आज, घरात धाकट्या भावाच्या सुनेला जेवायला बोलावलं असताना.

मासे वर का आले, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण काल संध्याकाळी, गाव पोळ्यात असताना, त्यानं एक काम केलं होतं. वरच्या बांधीची मुही फावड्यानं फोडली होती. नव्या पाण्यावर मासा चढतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तेवढं उत्तर त्याला पुरलं.

कोसमटोल्याच्या तलावाचं पाणी पाटानं येतं. या पाटावर पहिली बांधी परसरामची, त्याखालची सुकरामची. दोघं सख्खे भाऊ. मधल्या धुऱ्यात पाण्यासाठी तोंड ठेवलेलं असतं, त्याला मुही म्हणतात. मुही उघडली की वरचं पाणी खाली उतरतं, चिखलानं बुजवली की थांबतं. वडील होते तोवर मुही ते उघडत आणि तेच बुजवत. मागच्या वर्षी ऐन निसवणीत, लोंब्या बाहेर पडताना, परसरामनं ती बुजवून ठेवली आणि सुकरामचं अर्धं धान पोचट निघालं. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद होतं. अगदीच काही सांगायचं झालं तर सुकराम बैलाला सांगायचा आणि परसराम कुत्र्याला. ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यायचं.

या पावसाळ्यातही पोळ्याच्या आधी पावसानं ओढ दिली. सुकरामच्या बांधीत भेगा दिसायला लागल्या, वर परसरामच्या बांधीत पाणी डबडबलेलं, आणि मुही बुजवलेली. सुकरामला मागचं वर्ष आठवलं.

परसरामनं या वेळी मुही का बुजवली होती, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

*

परसरामच्या घरी त्या सकाळी भांडण जेवणावरून चाललं होतं, पण ते आनंदाचं होतं.

"मम्मी, मोठ्या मम्मीकडे मच्छी पक्की आहे ना?" डिंपलनं तिसऱ्यांदा विचारलं. ती परसरामच्या मुलाची, भूपेंद्रची बायको. माहेर गोंदियाजवळ कुडव्याला, सातवा महिना चालू. श्रावणभर तिनं वरण-भात आणि भाज्या खाऊन काढला होता आणि त्याचा सूड घ्यायची वेळ आली होती.

"आहे म्हनते ना," तिची सासू सुशीलाबाई तांदूळ पाखडत म्हणाली. "काल सोता येऊन कुंकू लावून गेली. नारबोदच्या दिवशी मासोळी रांधतो, सुनेले पाठव म्हने."

"मांगूर की मरळ?"

"आता हे पुसाले जाऊ का मी? लोकाच्या सुना सातव्या महिन्यात लाजतेत. हे बाई हॉटेलात बसल्यावानी मांगून राहिली."

"लाजून पोट भरते का?"

सातव्या महिन्यात नात्यातल्या घरांनी गर्भारणीला एकेक दिवस जेवायला बोलवायचं, अशी इथली रीत. आठवा लागला की बोलवत नाहीत. डिंपल सगळ्या घरी जेवून आली होती. एकच घर राहिलं होतं, आणि ते सगळ्यांत जवळचं होतं. आठवा पाच दिवसांवर आला तरी सुकरामच्या बायकोकडून, कुंदाबाईकडून, बोलावणं नव्हतं, तेव्हा सुशीलाबाईनं आशा सोडली होती. मग काल कुंदाबाई आली. भूपेंद्र तान्हा असताना सुशीलाबाई टायफॉईडनं पडली होती, तेव्हा त्याला कुंदाबाईनंच वाढवलं. ती म्हणाली, "तुमच्या नवऱ्यांचं तुमी पाहा. पोरगा माह्या मांडीवर वाढला. त्याचं पोर माह्या घरचं जेवल्याबिगर जन्माले येनार नाही." सुकरामनं नाही म्हटलं नव्हतं. सुशीलाबाईच्या लेखी हे फार मोठं होतं.

"जाय, पन वांग्याची भाजी असन तं हात लावजो नोको," सुशीलाबाईनं बजावलं. "लेकराले खाज येते. कोहळं नाही. पपई तं नाहीच. जोडकेळं नाही."

"आणि निर्मलाबाई म्हनते कच्चं अंडं नाही, दूध उकळल्याशिवाय नाही, शिळं नाही, भाजी धुतल्याशिवाय नाही." निर्मलाबाई गावची आशा सेविका. "दोघींचं मिळून मला हवा उरली खायला."

"माती बी नाही म्हने ते. भिंतीचा पोपडा कोन खाऊन राहिलं होतं?"

"एकदाच खाल्ला."

"भिंतीले भगदाड पडलं एकदाच्यानं."

डिंपल हसली. "पन मच्छीला निर्मलाबाई हो म्हनते. ताजी पाहिजे, पूरी शिजलेली पाहिजे. हे मी पाठ केलं." तिनं ठेवणीतलं लुगडं सोडून नेहमीचा गाऊन घातला, वरून ओढणी घेतली. जेवायला ढिलं कापड बरं, असं तिचं मत होतं.

परसराम ओसरीवर बसून हे ऐकत होता आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होता. सून मोठ्या भावाच्या घरी जेवणार, हे त्याला आवडलं होतं. ते आवडल्याचं कबूल करणं त्याला आवडत नव्हतं. परवा बापलेकांनी बांधीत खोडकिड्याचं दाणेदार औषध टाकलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, आठवडाभर पाणी बांधून ठेवा, थेंब बाहेर जाऊ देऊ नका. दोघांनी मुही चिखलानं लिंपून घेतली. तेव्हा भूपेंद्रनं विचारलं होतं, "मोठ्या बाबाले सांगू का, औषध टाकलं म्हनून?"

"कायले?" परसराम म्हणाला होता. "त्याच्या बांधीत टाकलं का?"

औषध टाकून आल्यावर सुशीलाबाईनं दोघांना विहिरीवरच आंघोळ करायला लावली होती. घरात गर्भारीण आहे, कपडे अंगणात राहू द्या, म्हणाली होती. घरापुरती काळजी सगळ्यांनी घेतली होती.

*

परसराम शेतावर पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. बांधीतलं पाणी अर्ध्याच्या खाली गेलेलं त्याला लांबूनच दिसलं. मुही फुटली नव्हती, फोडलेली होती. फावड्याचे काप चिखलात जसेच्या तसे होते आणि बाजूला अनवाणी पाय उमटले होते. डाव्या पायाची करंगळी बाहेर फाकलेली. हा पाय तो जन्मापासून ओळखत होता.

तो तिथंच बसला आणि भावाला शिव्या देऊ लागला. कुत्रं सोबत होतं, त्याला सगळ्या ऐकाव्या लागल्या. औषध वाया गेलं होतं, पाणी गेलं होतं. फावडं आणून मुही बुजवावी, हेही त्याला सुचलं नाही. आता कोणत्या तोंडानं बोलणार नाही ते पाहतो, असं म्हणत तो उठला. धुऱ्याखाली पाहिलं तर सुकरामच्या बांधीत बारीक मासोळ्या पांढऱ्या पोटांनी तरंगत होत्या. कडेला बेडूक उताणे पडले होते. कुत्र्यानं एक हुंगला आणि सोडून दिला.

परसरामला मेलेले बेडूक दिसले. त्याच्या डोक्यात मात्र पाणीच होतं.

घरी येऊन त्यानं पायही धुतले नाहीत. "कोठं आहे तो तुहा भासरा?" थोरल्या भावाबद्दल त्यानं सुशीलाबाईला विचारलं. "रातोरात मुही फोडली. माह्या बांधीतलं औषध त्याच्या बांधीत वाहून गेलं."

"हळू बोला. सून त्याहीच्याच घरी जेवाले गेली. आजच्या दिवस खाऊ द्या तिले गोडीनं."

"खाऊ दे. त्याची मासोळी खाऊ दे."

"त्याहीचीच आहे," सुशीलाबाई म्हणाली. "कुंदाबाई डिंपलले न्याले आली तवा सांगून राहिली होती. सकाळी बांधीत अशी वर आली होती म्हने, जाळं नाही का काही नाही, भासऱ्यानं हातानं उचलून आनली."

परसराम पाणी प्यायला लोटा उचलत होता. तो त्यानं खाली ठेवला.

"कवा गेली डिंपल?"

"आत्ता. काऊन?"

परसराम तसाच अंगणाबाहेर पडला. सुशीलाबाईनं त्याला धावताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

*

कुंदाबाईनं अंगण सारवून रांगोळी काढली होती. डिंपलला पिढ्यावर बसवलं, ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि मग पोट नीट निरखून पाहिलं.

"पोट टोकदार आहे. पोरगा होते."

"मम्मी म्हनते, पसरट आहे, पोरगी होते."

"सुशीलाले काय समजते? तिले भूपेंद्रच्या वक्ती गॅस वाटला होता."

ताट वाढून आलं. भात, वर तांबडा रस्सा, त्यात मांगुरीचे जाड तुकडे. बाजूला झिंगे कुरकुरीत भाजलेले. जवसाची चटणी. डिंपलनं वास घेतला आणि महिनाभराचा श्रावण विसरली.

सुकराम दारात उभा होता. सुनेसमोर बसून जेवायचं नाही म्हणून तो मघाशीच चुलीशी उभ्यानं एक तुकडा आणि मूठभर झिंगे खाऊन आला होता. चव पाहायची म्हणून. "खाय, खाय," तो म्हणाला. "ताजी आहे. आज सकाळची."

"कशी धरली, मोठे बाबा? जाळं टाकलं?"

"जाळ्याची गरजच नाही पडली. अशी पडून होती. हात घातला का मांगूर, हात घातला का मांगूर."

डिंपलचा हात ताटाशी थांबला. तिचे वडील कुडव्याच्या नाक्यावर भाजीचं दुकान लावत आणि शेजारी मच्छीवाला बसे. लहानपणी तिचा अर्धा दिवस त्याच्या टोपल्यांशी जायचा. बाकीची मच्छी मरून येई, पण मांगूर पाण्याबाहेर टोपलीत संध्याकाळपर्यंत वळवळत राही. मेलेली मांगूर कोणी घेत नसे. मच्छीवाला ती गिऱ्हाईक पाहायच्या आत नालीत टाकायचा.

"जिंदा होती का?" तिनं विचारलं.

"अर्धी जिंदी होती. सुस्त होती."

"मांगूर सुस्त कशी होनार?"

"नारबोदची सुट्टी आहे तिले," कुंदाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. डिंपल हसली नाही, हे तिला दिसलं. तिनं पदर सावरला. "काय वो, तुले खायाचं नाही का? तिकडून काही सांगून पाठवलं का तुले? कुंदाबाईच्या हातचं खाऊ नोको म्हनून?"

"नाही, मोठी मम्मी. तसं नाही."

"मंग कसं? वर्सभर कोनी आलं नाही या घरी. म्या सोता तुमच्या दारात आली. आता ताट समोर आहे आन तू मासोळीची जात पुसून राहिली."

कुंदाबाईचा आवाज चढला नव्हता, पण तिनं ताट डिंपलकडे आणखी सरकवलं. सुकराम दारातून सरकून अंगणाकडे पाहू लागला. डिंपलला वाटलं, आता हात मागे घेतला तर हे घर कायमचं गेलं. आणि मांगूर सुस्त असेल. पोळ्याला माणसंही सुस्त होतात. तिनं तुकडा सोडून नुसता रस्सा भातात कालवला, घास केला आणि तोंडात घातला.

चव फार चांगली होती.

*

नारबोद त्याच वेळी गल्लीत आली होती. एरवी उजाडताच निघते, या वर्षी रंगवणाऱ्यांत वाद झाला म्हणून उशीर झाला. बांबूची, गवताची, काळ्या तोंडाची बाई चाकांच्या गाड्यावर उभी, आणि मागे सगळं गाव.

"खासी, खोकला, राई, रोग…"

"घेऊन जा गे नारबोद."

परसरामला पुढे जायचं होतं आणि गल्ली भरलेली होती. तो लोकांच्या खांद्यांना धक्के देत निघाला. टिंकू ऑटोवाला सगळ्यांत पुढे नाचत होता, त्यानं परसरामचा हात धरून त्यालाही गोल फिरवला. "काका बी आले नाचाले."

"सोड बे. सुनेनं जहर खाल्लं."

टिंकूचा हात सुटला. परसराम कुंदाबाईच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या मागे नारबोद सोडून अर्धं गाव आलं होतं.

दारात सुकराम उभा होता. वर्षभरात दोघं इतके जवळ आले नव्हते. परसरामनं सवयीनं कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रं गल्लीतच राहिलं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "मासोळी कोठची?"

सुकरामलाही बैल सापडला नाही. "बांधीतली."

"कोनच्या?"

"माह्या. मंग तुह्या का?"

"मुही कोनं फोडली?"

सुकरामनं खाली पाहिलं. त्याच्या डाव्या पायाची करंगळी उंबऱ्यावर फाकून बसली होती.

"म्या औषध टाकलं होतं त्या पान्यात," परसराम म्हणाला. "खोडकिड्याचं. परवा." मग तो भावाला ओलांडून आत घुसला आणि सुनेवर ओरडला, "थुक ते."

डिंपलच्या तोंडात दुसरा घास होता. तिनं तो ताटात थुंकला. पहिल्याचं काय झालं, ते तिनं सांगायची गरज नव्हती.

कुंदाबाई उभी होती ती खाली बसली. "म्या माह्या हातानं वाढलं," ती म्हणाली. "माह्या हातानं."

"मीठ-पानी पाजून ओकवा तिले," सुकराम दारातून म्हणाला.

"मला उलटी नाही येत, मोठे बाबा," डिंपल म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, दोन्ही हात पोटावर होते. "तुम्हाला काय झालं?"

तेव्हा सगळ्यांनी सुकरामकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती त्याला आवरत नव्हती. लोकांना वाटलं होतं, लाज. त्यानं भिंत धरली, अंगणात वाकला आणि रांगोळीवर ओकला.

*

रुग्णवाहिकेला फोन केला तर तासभर लागेल म्हणाले. टिंकूनं अंगावरचा गुलाल झटकला आणि ऑटो दाराशी लावली. मागे सुकराम, कुंदाबाई आणि डिंपल. पुढे टिंकूच्या एका बाजूला परसराम, दुसऱ्या बाजूला सुशीलाबाई, अर्धी बाहेर. भूपेंद्र तलावावर बैल धूत होता, त्याला वाटेतच गाठलं. ऑटोत जागा नव्हती. औषधाचं रिकामं पुडकं गोठ्याच्या छपरात खोचलेलं होतं, ते घेऊन त्यानं मोटारसायकलनं मागे यायचं ठरलं. ही सूचना डिंपलची. "डॉक्टर पहिले तेच मागनार," ती म्हणाली.

वाटेत सुकराम दोनदा ओकला. परसरामनं पुढून हात मागे करून त्याचं डोकं धरलं.

"सदऱ्यावर पडन तुह्या," सुकराम म्हणाला.

"पडू दे. जुना आहे."

कुंदाबाई डिंपलचा हात घट्ट धरून होती. "हालून राहिलं का लेकरू?"

"हालते, मोठी मम्मी. ऑटो हालते का लेकरू हालते, तेच समजत नाही."

"टिंकू, हळू चालव गा," सुशीलाबाई म्हणाली.

"जोरात चालव," परसराम म्हणाला.

टिंकूनं दोघांचं ऐकलं. खड्डा दिसला की हळू, नसला की जोरात.

ग्रामीण रुग्णालयात सणाची सुट्टी असूनही डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पुडकं वाचलं, सुकरामच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या बारीक झाल्यात म्हणाल्या आणि सुई दिली. काय काय खाल्लं, विचारलं. एक तुकडा, मूठभर झिंगे.

"पाण्यात किती वेळ होते?"

"असन बराच वेळ."

"हात धुतले होते?"

"पान्यातच तं होते हात," सुकराम म्हणाला.

"त्या हातानं आणखी काही खाल्लं?"

सुकरामनं खिशावर हात ठेवला. कुंदाबाईनं त्याच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून टेबलावर ठेवली. "दिवसभर हेच खाते. रस्सा तं नावाले."

मग डिंपलची पाळी आली. तिला आडवं करून पोटावर यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर. डॉक्टरबाईंनी यंत्र सरकवलं, पुन्हा खरखर. सुशीलाबाई आणि कुंदाबाई पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. भूपेंद्र दारात होता, आत यायचं धाडस होत नव्हतं. मग ठोके ऐकू आले. जलद, लहान, एकामागून एक, मळणीयंत्र दूर कुठेतरी चालू असावं तसे.

"चांगले आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आज इथेच राहायचं. रक्त तपासायला पाठवते. बाळ किती हालतं त्यावर लक्ष ठेवायचं. घाम आला, लाळ सुटली, पोट दुखलं, तर लगेच सांगायचं."

"मॅडम, मच्छी खाऊच नाही का मग?" डिंपलनं विचारलं.

"खा की. मासा चांगलाच आहे. पण जो मासा आपोआप वर येतो तो नाही. फवारलेल्या, औषध टाकलेल्या शेतातलं काहीच नाही. मासा नाही, खेकडा नाही, धुऱ्यावरची भाजीसुद्धा नाही. शिजवून औषध जात नाही."

"म्या तं पूरी शिजवली होती," कुंदाबाई हळूच म्हणाली.

"तुमचं शिजवणं चुकलं नाही, आजी."

"चव बहुत छान होती," डिंपल म्हणाली. कुंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडून घेतलं.

*

दुपारनंतर उन्हं उतरली. सुकरामचं ओकणं थांबलं होतं, सलाइन चालू होतं. भूपेंद्रला गावी पाठवलं होतं. मासोळी, ताट, सगळं खड्ड्यात पुरायचं, मुही बुजवायची आणि खालच्या बांधीवाल्या झामसिंगला सांगायचं, एवढी कामं त्याच्याकडे होती. त्याचा फोन आला. पुरलं होतं, बुजवलं होतं. झामसिंगनं आधी दोन्ही भावांना शिव्या दिल्या आणि मग विचारलं, सुनेचं कसं आहे. त्याच्या बांधीत मासे वर आले नव्हते. निदान अजून तरी.

बायकांच्या खोलीत वेगळा वाद चालू होता.

"एक घास खाल्ला ना," सुशीलाबाई म्हणत होती. "मंग झालं जेवन. रीत झाली."

"अशी कशी झाली? जहराची का रीत असते?" कुंदाबाई म्हणाली. "पुन्हा बोलावतो मी."

"आठवा लागून राहिला. आठव्यात बोलवत नाही."

"चार दिवस आहेत ना."

"सुट्टी भेटली तं पाहिजे तिले."

"मोठी मम्मी," डिंपल म्हणाली, "या वेळी कोंबडी करा. आणि कापताना मला दाखवा, उड्या मारते का नाही ते."

दोघी जावा हसल्या. मग सुशीलाबाई म्हणाली कोंबडी उष्ण पडते, आणि वाद नव्यानं सुरू झाला.

पुरुषांच्या खोलीत परसराम भावाच्या पायाशी बसला होता. दोघं सलाइनचे थेंब पाहत होते. थेंब पडत होते तसे, सावकाश.

"तू सांगतलं असतं तं?" सुकराम म्हणाला. "औषध टाकलं म्हनून."

"तू मांगतलं असतं तं? पानी पाहिजे म्हनून."

"मागच्या वर्सी मांगतलं होतं."

"बैलाले मांगतलं होतंस."

"तू आयकत होता ना पन."

सुकरामनं चादरीतून पाय बाहेर काढला, पुन्हा आत घेतला. "आता औषध निवल्यावर," तो म्हणाला, "मुही उघडशील का? माहं धान वाळून राहिलं."

खिडकीबाहेर टिंकू ऑटो धूत होता. नर्स आत आली, सलाइनचा वेग कमी करून गेली.

सहा वाजेपर्यंत परसरामनं या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, पण तो उठूनही गेला नव्हता. डिंपलनं पोटातली शेवटची हालचाल पावणेसहाला सांगितली. त्यानंतर ती झोपली. तिच्या रक्ताचा अहवाल गोंदियाहून उद्या दुपारपर्यंत येईल, असं सांगण्यात आलं.